दार उघडायचे की बंदूक सांभाळायची : नागपुरातील एका सराफी दुकानाचे प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात सराफी दुकानाच्या दाराशी बंदूकधारी पहारेकरी असणे इतके अंगवळणी पडले आहे की इतवारीच्या सराफा ओळीपासून सीताबर्डी आणि धरमपेठेपर्यंत ग्राहकांची नजर त्याच्यावरून सरळ पुढे जाते. सगळे त्याला ‘गनमॅन’ म्हणतात. त्याच्या अंगावर खासगी सुरक्षा एजन्सीचा गणवेश असतो, कमरेला काडतुसांचा पट्टा असतो आणि हातात बहुधा बारा बोरची दुनळी बंदूक असते. ती कशी धरली आहे, भरलेली आहे की रिकामी, याची चौकशी आपल्यापैकी कोणी करत नाही, कारण ते आपले काम आहे असे आपल्याला वाटत नाही.

येथे मांडलेले प्रकरण पश्चिम नागपुरातील एका दुमजली दुकानातले आहे. संबंधितांशी बोलून ते लिहिले असून दुकान, एजन्सी आणि व्यक्ती ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. दुकानात गोळी सुटली नाही आणि कोणाला इजाही झाली नाही. अपघातानंतरची प्रकरणे पोलीस ठाण्यात नोंदली जातात, अपघाताआधीची कुठेच नोंदली जात नाहीत, म्हणून हे प्रकरण निवडले.

तक्रार करणाऱ्या बाई एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतात. विद्यार्थिदशेत त्या एनसीसीत होत्या आणि पॉइंट टू-टू रायफलने त्यांनी नेमबाजीचा सराव केलेला होता. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई सुरू झाली होती. पुतणीच्या लग्नासाठी पाटल्या घ्यायला त्या सासूबाई आणि सहा वर्षांच्या पुतण्याला घेऊन दुकानात गेल्या होत्या.

काय दिसले

दुकानाला आत उघडणारे जड काचेचे दार आहे. येणाऱ्या प्रत्येक ग्राहकासाठी गनमॅन ते उजव्या हाताने ओढत होता आणि त्या वेळी डाव्या हातातली बंदूक आडवी होत होती. दार ओढताना शरीर वळते आणि शरीराबरोबर नळीही वळते. दर खेपेला तिची तोंडे दाराशेजारच्या सोफ्यावरून फिरून काउंटरपर्यंत जात आणि परत येत. सोफ्यावर बसलेल्या मुलाचे डोके बरोबर त्या उंचीवर होते.

काही वेळाने एक वृद्ध बाई रिक्षातून उतरल्या. त्यांना पायऱ्या चढवायला गनमॅन लगबगीने खाली गेला आणि जाताना त्याने बंदूक चपलांच्या रॅकला टेकवून ठेवली. रॅकशेजारी दोन मुले खेळत होती. तो माणूस निष्काळजी किंवा उद्धट नव्हता, उलट त्या दुकानातला सर्वांत अदबशीर माणूस तोच होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. पुढे झालेल्या चुकीच्या दुरुस्तीचे मूळ नेमक्या याच गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

बाईंनी प्रथम मुलाला आणि सासूबाईंना काही न सांगता आतल्या काउंटरपाशी नेऊन बसवले. मग पाटल्या दाखवणाऱ्या विक्रेत्याला त्यांनी हळू आवाजात विचारले. तो हसून म्हणाला, “अहो मॅडम, ती रिकामीच असते. नुसती दाखवायला.” त्यांनी दाराशी जाऊन गनमॅनलाही विचारले. तो माजी सैनिक, विदर्भातलाच. त्याने सरळ उत्तर दिले, “भरेलच हाये ना ताई. खाली बंदूक घेऊन कायले उभा राहू?”

धोका नेमका किती होता

या दोन उत्तरांतली तफावत हाच या प्रकरणाचा गाभा आहे. बंदूक रिकामी आहे असे समजून विक्रेते तिच्याभोवती वावरत होते आणि ती भरलेली आहे हे माहीत असलेला एकमेव माणूस दार उघडण्यात गुंतला होता.

दुनळी बंदुकीबद्दल काही गोष्टी येथे सांगायला हव्यात. अशा बहुतेक बंदुकांवरची सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा (काडतुसावर आदळणारा भाग) ताणलेलाच राहतो, त्यामुळे जुनी किंवा झिजलेली बंदूक फरशीवर आदळली तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. म्हणूनच टेकवून ठेवलेली भरलेली बंदूक हातातल्या बंदुकीपेक्षा कमी धोक्याची मानता येत नाही. दुसरे असे की, छर्रे पसरतात म्हणून ते जवळून कमी लागतात, हा गैरसमज आहे. दहा-बारा फुटांवर ते फारसे पसरतच नाहीत आणि जवळजवळ एका गोळ्यासारखे लागतात. दुकानातली सगळी अंतरे एवढीच असतात.

शस्त्र हाताळण्याचे जे मूलभूत नियम एनसीसीत शिकवले जातात, त्यांतले तीन येथे एकाच वेळी मोडले जात होते : प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे, ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी कधीही वळू देऊ नये, आणि शस्त्र ताब्याबाहेर ठेवू नये. चापावर बोट न ठेवण्याचा चौथा नियम तेवढा गनमॅन पाळत होता. बाईंनी हे आवर्जून पाहिले होते आणि नंतरच्या पत्रात तसे लिहिलेही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय गप्प राहून निघून जाण्याचा होता. बहुतेक लोक तेच करतात आणि त्यामागचे कारण भित्रेपणा असते असे मला वाटत नाही. बंदूक हाती असलेल्या माणसाला शिकवणारे आपण कोण, हा संकोच त्यामागे असतो. गणवेश पाहिला की त्यामागे प्रशिक्षण असेल असे आपण गृहीत धरतो. प्रशिक्षण असतेही, खासगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राने केलेल्या आदर्श नियमांत पहारेकऱ्याला वर्गात १०० तास आणि मैदानावर ६० तास प्रशिक्षण सांगितले आहे, माजी सैनिकांसाठी ते कमी केलेले आहे. पण सैन्यात वर्षानुवर्षे रायफल चालवलेल्या माणसालाही एका हाताने दार ओढताना दुसऱ्या हातात दुनळी कशी धरावी, हे कोणी शिकवलेले नसते. तसे धरायचेच नसते, म्हणून ते शिकवण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा पर्याय गनमॅनला तिथेच, सर्वांसमोर सांगण्याचा होता. वयाने मोठ्या माणसाला, त्यातही माजी सैनिकाला, गिऱ्हाइकांपुढे असे बोलल्यास तो दुखावला जाईल आणि दुखावलेला माणूस हातातले शस्त्र अधिक सांभाळून धरेल याची खात्री नाही, असा विचार बाईंनी केला. शिवाय त्याच्या हाती बदलण्यासारखे फार थोडे होते. त्यांनी एवढेच विचारले, “काका, हे आडवी न धरता येईल का?” त्यावर तो म्हणाला, “दार उघडू का बंदूक सांभाळू, तुम्हीच सांगा.” त्याने हे वैतागून म्हटले असले तरी संपूर्ण प्रकरणातले सर्वांत अचूक निदान तेच होते.

तिसरा पर्याय बरोबरच्या भाच्याने सुचवला. तो मागाहून आला होता आणि त्याने मोबाईल काढून चित्रीकरण सुरूही केले होते. बाईंनी ते थांबवले. अशा चित्रफितीत पहारेकऱ्याचा चेहरा, दुकानाची मांडणी आणि पहाऱ्यातली उणीव हे सगळे एकत्र दिसते. दरोडेखोराला आणखी काय हवे असते?

चौथा पर्याय पोलिसांचा होता. शस्त्र कायदा १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम २५(९) नुसार बेदरकारपणे, निष्काळजीपणे किंवा जल्लोषात बंदूक वापरून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ निष्काळजी कृत्याने जीवित धोक्यात आणण्याबद्दल आहे. नागपूर शहरात शस्त्र परवाना देणारे आणि तो रद्द करू शकणारे अधिकारी पोलीस आयुक्त असतात. म्हणजे दाद मागायला जागा होती. वरातीत कोणी हवेत बार काढत असेल, भांडणात पिस्तूल रोखले असेल किंवा प्यालेल्या माणसाच्या हाती शस्त्र असेल तर तिथे समजूत घालत बसू नये. लोकांना घेऊन भिंतीआड व्हावे आणि ११२ वर फोन करावा, यात दुमत नाही. येथे मात्र रोज दहा तास चालणाऱ्या एका सवयीचा प्रश्न होता. पोलीस आले असते तर पहिला हिशेब गनमॅनच्या परवान्याचा झाला असता आणि दाराची व्यवस्था तशीच राहिली असती, असे बाईंचे मत होते. ते मला पटते, पण एका अटीवर : मालकाने ऐकलेच नाही तर लेखी तक्रार घेऊन ठाण्यात जायची तयारी हवी. ती त्यांची होती.

पहिले पाऊल

त्यांनी पाचवा मार्ग निवडला आणि थोरल्या मालकांना वरच्या मजल्यावर एकटे गाठले. मालकांचे पहिले उत्तर अपेक्षित होते. बाबांच्या काळापासून दाराशी बंदूकवाला आहे, आजवर कधी काही झाले नाही, तुम्ही निश्चिंत राहा. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी विचारले, “काकाजी, ती बंदूक आत्ता भरलेली आहे की रिकामी, हे तुम्हाला माहीत आहे का?”

मालकांना माहीत नव्हते. त्यांनी व्यवस्थापकाला बोलावले. तो म्हणाला, रिकामी. मग गनमॅनला वर बोलावले. त्याने बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीपाशी उघडून, दोन्ही नळ्यांतली काडतुसे बाहेर काढून मालकांच्या टेबलावर ठेवली. वरच्या मजल्यावर तेव्हा लग्नाचे दागिने पाहणारी दोन कुटुंबे बसली होती. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत.

मत बदलण्यासाठी आकडे, कायदा किंवा आवाज चढवणे यांपेक्षा हा एक प्रश्न अधिक उपयोगी पडला. त्यात आरोप नव्हता, आणि उत्तर शोधायला मालकांनाच उठावे लागले.

चुकीची दुरुस्ती

पाटल्यांचे माप कमी करून घ्यायचे होते म्हणून काही दिवसांनी बाई पुन्हा गेल्या. दाराशी नवा, तरुण गनमॅन होता. तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण), डाव्या हातात बंदूक, उजव्या हातात दाराची मूठ. नळी त्याच वाटेने फिरत होती.

चौकशीत कळले की मालकांनी एजन्सीला फोन करून ‘गिऱ्हाइकाची तक्रार आहे’ एवढेच सांगितले होते आणि एजन्सीने तिच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे माणूस बदलला होता. जुन्या गनमॅनला हिंगण्याच्या एमआयडीसीत एका गोदामावर रात्रपाळी दिली गेली होती. या एका निर्णयात तीन नुकसाने झाली. धोका कायम राहिला, नव्हे तो वाढला, कारण नवा माणूस चापावरही बोट ठेवत होता. ज्याने खरे उत्तर दिले त्याला शिक्षा झाली. आणि दुकानातल्या बाकीच्या नोकरांना कळले की बंदुकीबद्दल विचारले तर ‘रिकामी आहे’ असे सांगणेच शहाणपणाचे.

बाईंनी त्याच दिवशी मालकांच्या नावे एक पानाचे पत्र दिले. पत्रात गनमॅनबद्दल तक्रारीचा एकही शब्द नव्हता. दार उघडताना नळी कोणत्या उंचीवरून कुठून कुठे जाते, बंदूक कुठे टेकवली जाते, आणि ती भरलेली असल्याचे दुकानात किती जणांना माहीत आहे, एवढेच त्यात होते. शेवटी त्यांनी लिहिले की पूर्वीचे पहारेकरी चापावर बोट न ठेवण्याची काळजी घेणारे होते, दार उघडण्याचे काम काढून त्यांना परत बोलावावे. पंधरा दिवसांत काही न झाल्यास हेच पत्र पोलीस ठाण्यात देईन, असेही त्यात नम्रपणे नमूद होते.

बैठक आणि तिथले खरे मतभेद

पत्राची दखल धाकट्या मालकांनी घेतली. दुकान बंद असण्याच्या दिवशी ते, व्यवस्थापक, एजन्सीचा सुपरवायझर आणि बाईंच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार असे एकत्र बसले. दारासाठी वेगळा माणूस ठेवायचा, यावर फार वेळ गेला नाही. त्याचा पगार कोणी द्यायचा यावर गेला. शेवटी तो दुकानाने द्यायचे ठरले.

अवघड प्रश्न पुढे आला. दुकानात नळी कुठे वळलेली असावी? खाली म्हणावे तर जमीन ग्रॅनाइटची, तिच्यावरून छर्रे उसळतात. वर म्हणावे तर पातळ फॉल्स सीलिंग आणि वरच्या मजल्यावर माणसे. छत काँक्रीटचे असले तरी जिन्याची जागा मोकळी. सुपरवायझर सवयीने ‘नळी वर’ म्हणाला. सुभेदारांनी त्याला उभे करून स्वतः बंदूक धरायला लावली आणि नळी कुठे जाते ते दाखवले. ती जिन्यातून थेट वरच्या काउंटरकडे जात होती. सुरक्षित दिशा ही प्रत्येक जागी उभे राहून शोधावी लागते, हे नुसते कागदावर ठरवून त्यांच्या लक्षात आले नसते.

दुसरा वाद अधिक मूलभूत होता. सुभेदारांचे म्हणणे होते की नळ्या रिकाम्या असाव्यात आणि काडतुसे पट्ट्यात. धाकटे मालक म्हणाले, मग दरोडा पडला तर त्याचा उपयोग काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सुभेदारांनी उलट विचारले की भर गर्दीत, काचेच्या दोन काउंटरांच्या मध्ये, वीस गिऱ्हाइके असताना तुमचा माणूस बार टाकणार कुठे? गर्दीच्या वेळी पहारेकऱ्याचा उपयोग त्याच्या दिसण्यात आणि वेळीच शटर पाडून गजर वाजवण्यात असतो. बंदूक भरायला लागणारे काही क्षण आणि रोजच्या शेकडो वेळा दार उघडण्यातला धोका, यांत कोणते वजन जास्त हे त्यांनी मालकांवर सोडले. मालकांनी मधला मार्ग काढला. दुकान उघडे असताना नळ्या रिकाम्या, आणि सकाळी तिजोरी उघडताना व रात्री बंद करताना, ग्राहक नसताना, भरलेल्या. सुभेदारांना हे पूर्ण मान्य नव्हते, कारण भरणे आणि रिकामी करणे यातच हात चुकतात. म्हणून मागच्या पार्किंगमध्ये वाळूने भरलेला पिंप ठेवून ती दोन्ही कामे नळी त्या पिंपात रोखूनच करायची, असे ठरले.

गनमॅनची जागा दारापासून हलवून कोपऱ्यातल्या उंच चौथऱ्यावर केली गेली. तिथून दार आणि दोन्ही काउंटर दिसतात, पाठीला विटांची भिंत आहे. बंदूक गळ्यातून पट्ट्याने अडकवलेली राहील आणि टेकवून ठेवली जाणार नाही. रोज सकाळी व्यवस्थापकासमोर ती मोडून दाखवायची आणि वहीत दोघांनी सही करायची. परवाना कोणाच्या नावावर आहे, तो कोणत्या क्षेत्रासाठी लागू आहे आणि त्याची मुदत कधी संपते, याची नोंदही त्याच वहीच्या पहिल्या पानावर आली. याआधी दुकानातल्या कोणीही तो परवाना पाहिलेला नव्हता.

परिणाम

जुने गनमॅन काही आठवड्यांनी परत आले. तरुण पहारेकऱ्याला काढू नये असा बाईंचा आग्रह होता; एजन्सीने त्याला एका दिवसाच्या सरावानंतर दुसऱ्या ठिकाणी पाठवले. तो सराव पुरेसा होता का, याबद्दल मी साशंक आहे.

व्यवस्था मार्च संपेपर्यंत नीट चालली. अक्षय्य तृतीयेच्या गर्दीत दारावरचा मुलगा गावाला गेला आणि व्यवस्थापकाने ‘आजच्यापुरते’ म्हणून गनमॅनला पुन्हा दाराशी उभे केले. या वेळी गनमॅननेच नकार दिला आणि वहीकडे बोट दाखवले. धाकट्या मालकांनी स्वतः दुपारपर्यंत दार उघडले, असे तिथल्या विक्रेत्यांनी सांगितले. लेखी नियमाचा पहिला फायदा ग्राहकांआधी पहारेकऱ्याला झाला. नाही म्हणताना त्याला आता कागदाचा आधार होता.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. गनमॅनला चहासाठी किंवा लघवीला जायचे असेल तर बंदूक सांभाळायला दुसरा परवानाधारक दुकानात नसतो. तो ती बरोबर घेऊन जातो. नळ्या रिकाम्या असल्याने धोका कमी झाला आहे, पण दहा तासांच्या पाळीत एकही बदली माणूस न देण्याची एजन्सीची पद्धत तशीच आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिल्याच भेटीत बाईंनी मालकांना व्यक्तीचे नाव न घेता सांगितले होते, तरी ऐकणाऱ्याने त्यातून व्यक्तीच काढली. तोंडी सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून तिसऱ्यापर्यंत जाताना ‘तक्रार’ एवढीच उरते. ते एक पानाचे पत्र पहिल्याच दिवशी दिले असते तर एका माणसाची रात्रपाळी वाचली असती. निदान मालकांसमोर ‘या काकांना बदलू नका, त्यांचे दाराचे काम बदला’ हे वाक्य स्पष्टपणे उच्चारायला हवे होते.

पोलिसांना कळवण्याबाबत माझे मत बाईंपेक्षा थोडे वेगळे आहे. नव्या गनमॅनचे बोट चापावर दिसले त्या दिवशी पंधरा दिवसांची मुदत देणे जास्त झाले. नळी ग्राहकांवरून फिरते आहे, बंदूक भरलेली असण्याची शक्यता आहे आणि बोट चापावर आहे, हे तिन्ही एकत्र दिसल्यावर मालकाला ‘आत्ता, माझ्यासमोर ती मोडून दाखवा’ असे सांगणे आणि ते न झाल्यास दुकानाबाहेर येऊन ११२ ला कळवणे योग्य ठरले असते. त्या पंधरा दिवसांत पत्रावर विचार चालू होता, पण दार उघडत होते.

एजन्सीच्या बाजूने पाहिले तर तिच्याकडे येणारी प्रत्येक तक्रार माणूस बदलून मिटते, त्यामुळे तिला जागेची पाहणी करण्याचे कारणच उरत नाही. दुकानदारांनी करार करताना पहारेकऱ्याला कोणकोणती इतर कामे सांगितली जाणार नाहीत हे लिहून घेतले, तर एजन्सीलाही दुकानाला नकार देता येईल. या दुकानाच्या करारात नूतनीकरणाच्या वेळी तशी ओळ घातली गेली आहे : दार, पाणी, पिशव्या आणि गाड्या लावणे ही कामे शस्त्रधारी पहारेकऱ्याकडे नाहीत. त्याच एजन्सीच्या शहरातल्या इतर करारांत ती अजून नाही.